कथेच्या खर्ड्यावरचा अभिप्राय: वाचकाने काय सांगावे आणि लेखकाने त्याचे काय करावे? (चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

समासातली नोंद

माझ्या एका कथेचा तिसरा खर्डा मी आठ जणांना वाचायला दिला होता. कथा एका निवृत्त मुद्रितशोधक बाईंची आहे. आयुष्यभर इतरांच्या मजकुरातल्या चुका टिपलेल्या या बाईंची मध्यवर्ती दृष्टी हळूहळू जात आहे आणि ही गोष्ट त्या आपल्या मुलीपासून लपवून ठेवतात. अकरा पानांच्या या कथेच्या शेवटी मुलगी स्वतः लिहिलेले एक पत्र आईपुढे ठेवते आणि आई ते वाचल्याचा अभिनय करते.

आठपैकी पाच जणांनी शेवट पटला नसल्याचे कळवले आणि प्रत्येकाने त्यावर आपापला उपाय सुचवला. मुलीला सगळे कळायला हवे होते, असे एकाचे म्हणणे होते. मुलीला ते आधीपासूनच ठाऊक असायला हवे होते, असे दुसऱ्याचे. तिसऱ्याने शेवटचा परिच्छेद काढून टाकायला सांगितले, चौथ्याने तो वाढवायला सांगितले, आणि पाचव्याने बाईंचा मृत्यू दाखवण्याचा सल्ला दिला. दोघांनी कथा छान असल्याचे कळवले, ज्याबद्दल मी त्यांची आभारी आहे, परंतु त्यातून मला काही करता आले नाही. उरलेल्या एका वाचकाने शेवटाविषयी कोणतीही सूचना केली नाही. त्यांनी फक्त एवढेच लिहिले की, चौथ्या पानावर ‘त्यांना आता अक्षरे दिसेनाशी झाली होती’ हे वाक्य आले आणि तिथून पुढे आपण काही शोधत नव्हतो. शेवटच्या प्रसंगात जे आपल्याला आधीच माहीत होते तेच पुन्हा दाखवले जात आहे असे वाटत राहिले.

मी ते वाक्य काढले. त्याच्या जागी बाई कागद किंचित बाजूला धरून, नजर अक्षरावर न ठेवता त्याच्या शेजारी ठेवून वाचतात, एवढेच दाखवले. मध्यवर्ती दृष्टी गेलेल्या माणसांची कडेची दृष्टी बहुतेक वेळा शाबूत असते आणि ती माणसे याच रीतीने अक्षर पकडायला शिकतात, हे मी कथेसाठी वाचलेल्या माहितीत होते. परंतु ते वापरण्याऐवजी मी निवेदकाच्या तोंडून निकाल सांगून मोकळी झाले होते. शेवटच्या प्रसंगातला एकही शब्द न बदलता तो प्रसंग आता उभा राहिला आहे, असे मला वाटते.

या अनुभवातून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे आणि त्यासाठीच हा धागा काढते आहे. वाचक अडखळतो ती जागा आणि तो ज्यामुळे अडखळतो ती जागा, या दोन्ही पुष्कळदा वेगळ्या असतात. माझ्या कथेत त्यांच्यामध्ये सात पानांचे अंतर होते. ज्यांनी उपाय सुचवले त्या पाचही जणांनी अडखळण्याच्या जागीच दुरुस्ती करायला घेतली, आणि ती पाचही माणसे चांगली वाचक आहेत. म्हणून माझे मत असे बनत चालले आहे की, वाचकाने आपल्या मनात कोणत्या वाक्यापाशी काय झाले याचा प्रामाणिक वृत्तांत द्यावा, आणि कारण शोधण्याचे काम लेखकाकडे सोडावे. वृत्तांत चुकीचा असू शकत नाही, कारण तो वाचकाचा स्वतःचा असतो. उपाय मात्र चुकू शकतो, कारण कथेच्या मागे काय काय टाकून दिलेले आहे हे फक्त लेखकाला ठाऊक असते. आपले अनुभव वाचायला आवडतील, विरोधी असतील तर अधिकच.

दुसरे वाचन

आपण मांडलेला भेद मला पूर्णपणे मान्य आहे, आणि संपादनाच्या इतिहासात त्याचे एक फार सुंदर उदाहरण आहे. मॅक्सवेल पर्किन्स या संपादकाने 20 नोव्हेंबर 1924 रोजी अमेरिकी कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्झजेराल्डला त्याच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीच्या हस्तलिखिताविषयी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. पर्किन्सला ते हस्तलिखित विलक्षण आवडले होते आणि ते त्याने मोकळेपणाने सांगितले. त्यानंतर त्याने जी मुख्य तक्रार मांडली ती अशी होती की, इतर पात्रे रस्त्यात भेटली तर ओळखता येतील इतकी स्पष्ट आहेत, परंतु ज्याच्याभोवती कादंबरी फिरते तो गॅट्सबीच धूसर आहे आणि वाचकाची नजर त्याच्यावर स्थिरावत नाही. ही वाचकाच्या डोळ्याची तक्रार आहे. त्यानंतर पर्किन्सने काही शक्यताही सुचवल्या, पण त्यांचा सूर ‘असे करता येईल का’ असाच होता.

यावर फिट्झजेराल्डने दिलेले उत्तर मला त्या पत्राइतकेच महत्त्वाचे वाटते. गॅट्सबी कसा दिसतो आणि नेमका कोणत्या धंद्यात आहे हे आपल्या स्वतःलाच ठाऊक नव्हते आणि तुम्हाला ते जाणवले, अशी कबुली त्याने दिली. पान धूसर होते, कारण लेखकाच्या मनातच चित्र धूसर होते. आणि वाचकाला कारण माहीत नसतानाही परिणाम जाणवला होता. त्यानंतर फिट्झजेराल्डने छपाईपूर्वीच्या मुद्रितांवर पुन्हा काम केले, गॅट्सबीच्या भूतकाळाचा एकगठ्ठा दिलेला काही भाग आधीच्या प्रकरणात हलवला, आणि एप्रिल 1925 मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली.

मी हे उदाहरण देतो तेव्हा काही जण म्हणतात की पर्किन्ससारखा वाचक प्रत्येकाला कसा मिळणार. मला वाटते, पर्किन्सची रसिकता दुर्मीळ असेल, पण त्याची पद्धत शिकता येण्याजोगी आहे. नजर कुठे स्थिरावली नाही, कुठे मागचे पान उलटून पाहावे लागले, कोणते नाव विसरायला झाले, कोणत्या ओळीनंतर घड्याळाकडे लक्ष गेले, हे टिपायला असाधारण प्रतिभा लागत नाही. त्याला लागते ते वाचताना स्वतःवर ठेवलेले लक्ष, आणि हाती एक पेन्सिल. मी खर्डा दोनदा वाचतो: पहिल्यांदा समासात फक्त खुणा करतो, एकही शब्द लिहीत नाही, दुसऱ्यांदा त्या खुणांपाशी थांबून, पहिल्या वाचनात इथे काय झाले होते हे आठवून लिहितो. पहिल्याच वाचनात शब्द लिहायला घेतले की मी वाचक न राहता परीक्षक होतो, आणि मग कथा माझ्यावर परिणाम करायचीच थांबते.

अनुस्वार

मूळ लेखातले उदाहरण मला आवडले, तरी त्यावरून काढलेला नियम मला अतिव्यापक वाटतो. प्रत्येक दोषाचे मूळ सात पाने मागे नसते. काही दोष जिथे दिसतात तिथेच असतात, आणि तिथे ‘मला असे वाटले’ एवढेच सांगून थांबणे म्हणजे जाणकार वाचकाने आपले ज्ञान लेखकापासून लपवून ठेवण्यासारखे आहे.

दृष्टिकोनाची घसरण घ्या. संपूर्ण कथा खोलीत बसलेल्या एका पात्राच्या नजरेतून चालली असताना ‘ती दाराबाहेर गेली आणि जिन्यात थांबून हुंदके देऊ लागली’ असे वाक्य येते. जिन्यातले हुंदके कोणी पाहिले? सामान्य वाचकाला इथे फक्त किंचित अस्वस्थता जाणवेल आणि तो ‘हा प्रसंग जरा नाटकी वाटला’ असा वृत्तांत देईल. लेखक त्यावरून हुंदके कमी करील, ‘हुंदके’च्या जागी ‘डोळे पुसले’ असे लिहील, आणि दोष तसाच राहील. ज्याला दृष्टिकोनाची शिस्त माहीत आहे त्याने स्पष्ट सांगायला हवे की, खोलीतल्या माणसाला जिन्यातला फक्त आवाज ऐकू येईल, आणि कदाचित पावले उतरण्याचा आवाज बराच वेळ न येणे एवढेच पुरेसे होईल.

काळाचेही तसेच आहे. मराठी निवेदनात भूतकाळातून वर्तमानकाळात जाण्याची मुभा आपण सहज घेतो, आणि ती योग्य जागी घेतली तर प्रसंगाला धार येते. ‘तो आत आला, इकडेतिकडे पाहिले, आणि पाहतो तर काय, कपाट उघडे’ या वाक्यातला वर्तमानकाळ आपल्याला खटकत नाही. तीच मुभा परिच्छेदामागून परिच्छेद बेसावधपणे घेतली तर वाचकाला नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, फक्त थकवा येतो.

सर्वांत अधिक मला संवादांविषयी बोलायचे आहे, कारण अभिप्रायांमध्ये त्यांच्याबद्दल ‘संवाद कृत्रिम वाटतात’ या तीन शब्दांपलीकडे फारसे काही सांगितले जात नाही. माझ्या वाचनात येणाऱ्या दहा खर्ड्यांपैकी बहुतेकांमध्ये सर्व पात्रे निवेदकाचीच भाषा बोलतात: तीच प्रमाण रूपे, तीच पूर्ण वाक्ये, तेच ‘परंतु’ आणि ‘त्यामुळे’. बोलताना माणूस कर्ता गाळतो, क्रियापद आधी आणतो, समोरच्याच्या प्रश्नाचे उत्तर न देता आपल्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर देतो. यावर अभिप्राय देताना मी पात्रांची नावे झाकून फक्त संवाद वाचते आणि कोण बोलत आहे हे ओळखता येते का ते लेखकाला कळवते. हा वृत्तांतही आहे आणि निदानही. मी लेखकाला एखादे वाक्य बदलून दाखवतेसुद्धा, आणि सोबत लिहिते की हे वाक्य वापरण्यासाठी नाही, मला काय म्हणायचे आहे ते ऐकू यावे म्हणून आहे.

तेव्हा माझे म्हणणे असे की वृत्तांत आधी यावा, हे मान्य. पण निदान वाचकाने करूच नये, हे मान्य नाही.

मितभाषी

मी नुकतेच लिहू लागलो आहे, म्हणून एक प्राथमिक प्रश्न विचारतो. खर्डा कोणत्या टप्प्यावर दाखवावा? पहिला खर्डा पूर्ण होताच मला तो कोणालातरी दाखवण्याची अनावर ओढ लागते, आणि दाखवल्यानंतर पुढे लिहिण्याची इच्छाच निघून जाते.

समासातली नोंद

अनुस्वार, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि माझे विधान मी दुरुस्त करते. जिन्यातल्या हुंदक्यांचे उदाहरण वाचल्यावर लक्षात आले की वृत्तांत आणि निदान हे शत्रू नाहीत. मला त्रास झाला तो निदान न करता थेट दिलेल्या उपायांचा. ‘शेवट पटला नाही, म्हणून त्यांना मारून टाका’ या वाक्यात मधली पायरीच नाही. शेवट का पटला नाही, हे त्या वाचकाने स्वतःला विचारले असते तर कदाचित तोही चौथ्या पानापर्यंत मागे गेला असता.

मितभाषी, तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे आहे की, कथेत काय चुकले आहे हे मला स्वतःला दिसत असेल तोवर मी ती कोणाला दाखवत नाही. जे मला आधीच माहीत आहे ते वाचकाकडून ऐकण्यात वाचकाचे पहिले वाचन वाया जाते, आणि एका वाचकाचे पहिले वाचन एकदाच मिळते. तोच माणूस तुमचा पुढचा खर्डा वाचील तेव्हा त्याला शेवट ठाऊक असेल. रहस्य कुठे फुटले हे तो पुन्हा कधीही सांगू शकणार नाही. म्हणून मी हाताशी असलेल्या वाचकांना एकाच वेळी खर्डा देण्याची चूक आता करणार नाही. आठही जणांना तिसरा खर्डा देऊन टाकल्यामुळे चौथ्यासाठी माझ्याकडे नवी नजर उरली नव्हती आणि मला दोन नवे वाचक शोधावे लागले.

पहिला खर्डा दाखवल्यावर लिहिण्याची इच्छा निघून जाते, याचे कारण बहुधा हे असावे की गोष्ट सांगण्याची भूक सांगून भागते. कथा पूर्ण होण्याआधी मी तिच्याविषयी बोलतही नाही.

आणखी एक. खर्डा देताना काय विचारायचे हे आधी ठरवावे, पण वाचकाला ते वाचनानंतरच सांगावे. ‘आई आणि मुलीचे नाते पटते का पाहा’ असे आधी सांगितले की वाचक त्या नात्याकडे टक लावून पाहतो आणि त्याचे सहज वाचन हरवते. मी प्रश्न वेगळ्या पाकिटात ठेवल्यासारखे दुसऱ्या पत्रातून पाठवते. त्यातला पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: ही कथा कशाविषयी आहे, ते दोन वाक्यांत, पान न उघडता लिहा. त्या दोन वाक्यांत ज्या पात्राचे नाव येत नाही त्या पात्राने कथेत किती पाने व्यापली आहेत, ते मी मोजते.

उत्तररात्र

धाग्यातली चर्चा उपयुक्त आहे, परंतु ती अभिप्राय देणाऱ्याच्या कौशल्याविषयी अधिक आणि घेणाऱ्याच्या अवस्थेविषयी कमी होत आहे, म्हणून मी माझा अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका लेखन कार्यशाळेत माझी दीर्घकथा दिली होती. तिथे नियम असा होता की, ज्याच्या कथेवर चर्चा चालू आहे त्याने चर्चा संपेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. ही पद्धत जगभर प्रचलित आहे. अमेरिकेत 1936 मध्ये सुरू झालेल्या आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेमुळे तिचा प्रसार झाला, आणि विज्ञानकथालेखकांच्या मिलफर्ड परिषदेने 1956 पासून तिचे एक रूप रूढ केले, ज्यात प्रत्येक जण पाळीपाळीने बोलतो आणि शेवटी लेखकाला उत्तर देण्याची संधी मिळते. या मौनामागचा विचार मला समजतो. पुस्तक छापून वाचकाच्या हाती गेल्यावर लेखक शेजारी बसून खुलासे करू शकत नाही, आणि लेखक बोलू लागला की चर्चा कथेवरून त्याच्या हेतूवर सरकते.

माझ्या बाबतीत असे झाले की, पहिल्या वक्त्याने कथेतल्या निवेदकाला खोटारडा ठरवले. निवेदक खोटे बोलतो हे कथेत अभिप्रेतच होते आणि त्याच्या खुणा मी पेरलेल्या होत्या. त्या अपुऱ्या होत्या, हे आज मला कळते. परंतु त्या वक्त्याने तो लेखकाचा गोंधळ मानला, पुढच्या सर्वांनी ते गृहीत धरले, आणि सव्वा तास मी न लिहिलेल्या कथेवरची चर्चा ऐकत बसलो. ‘निवेदकावर विश्वास ठेवायचा नाही’ एवढे चार शब्द बोलायची परवानगी असती तर तो सव्वा तास त्या खुणा कुठे कमी पडल्या यावर खर्च झाला असता, आणि मला तेच हवे होते. त्यानंतर दोन वर्षे मी काही लिहिले नाही. दोष पूर्णपणे त्या गटाचा होता असे मी म्हणत नाही, पण पद्धतीचा होता असे निश्चित म्हणतो.

पुढे मला लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेने 1990 मध्ये विकसित केलेल्या पद्धतीची माहिती मिळाली. ती नृत्यासाठी तयार झाली असली तरी आम्ही चौघे गेली तीन वर्षे कथांसाठी वापरतो. तिच्यात आधी प्रेक्षक किंवा वाचक, कलाकृतीत काय अर्थपूर्ण, लक्षवेधी किंवा स्मरणात राहणारे वाटले ते सांगतात. नंतर कलावंत स्वतः प्रश्न विचारतो. त्यानंतर वाचक प्रश्न विचारतात, पण त्या प्रश्नांत मत दडलेले असता कामा नये. शेवटी मत द्यायचे असेल तर ‘शेवटाविषयी माझे एक मत आहे, ते ऐकायचे आहे का’ अशी विषय सांगून परवानगी घ्यायची, आणि कलावंत नाहीही म्हणू शकतो.

यातली तिसरी पायरी सर्वांत कठीण आहे, आणि आम्हाला ती साधायला वर्ष लागले. ‘तुम्ही इतके लांबलचक वर्णन का केले आहे?’ हा प्रश्न नाही, ती प्रश्नचिन्ह लावलेली तक्रार आहे. ‘या वर्णनातून वाचकापर्यंत काय पोहोचावे असे तुम्हाला वाटते?’ हा प्रश्न आहे. गंमत अशी की असा प्रश्न तयार करताना तक्रार करणाऱ्याला पुष्कळदा स्वतःच्या तक्रारीचे मूळ सापडते, आणि उत्तर देताना लेखकाला त्याच्या परिच्छेदाला काहीच काम दिलेले नव्हते हे कळते. चौथ्या पायरीवर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मी तीन वर्षांत दोनदाच वापरला. पण तो अधिकार आहे हे माहीत असल्यामुळेच इतर सर्व वेळी मी मोकळ्या मनाने ऐकू शकलो.

अनुस्वार

उत्तररात्र, तुमचा अनुभव वाचून मी बराच वेळ थांबले. मी स्वतः अशा चर्चांत पहिली बोलणारी असते, आणि पहिल्या वक्त्याचे मत इतरांना किती बांधून टाकते याचा विचार मी केलेला नव्हता. यावर एक सोपा उपाय आहे: चर्चेपूर्वी सर्वांनी आपापले टिपण लिहून लेखकाकडे द्यावे. मग चर्चेत काहीही झाले तरी लेखकाच्या हाती स्वतंत्रपणे झालेली वाचने राहतात, आणि पाच जणांनी एकमेकांशी न बोलता एकाच पानावर खूण केली असेल तर तिचे वजन वेगळे असते.

लर्मन यांच्या पद्धतीतल्या पहिल्या पायरीविषयी मात्र एक पुस्ती जोडते. कौतुक हे मलमपट्टी म्हणून केले तर लेखकाला ते लगेच ओळखू येते, आणि तो पुढच्या ‘पण’ची वाट पाहत बसतो. चांगले काय आहे हे दोषाइतकेच नेमके सांगितले पाहिजे, कारण पुनर्लेखनात चांगल्या जागाही कापल्या जातात. मी एकदा माझ्या कथेतला एक लहानसा परिच्छेद, ज्यात पात्र नुसते कपडे वाळत घालते, पाल्हाळ समजून काढला. नंतर दोन वाचकांनी वेगवेगळे कळवले की कथा आता धावते, श्वास घेत नाही. आधीच्या खर्ड्यात त्या परिच्छेदाने त्यांना विसावा दिला होता, परंतु ‘छान आहे’ एवढेच लिहिल्यामुळे तो महत्त्वाचा आहे हे मला कळलेच नव्हते.

दुसरे वाचन

अभिप्राय घेणाऱ्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, ती म्हणजे कथेवरच्या अंतिम अधिकाराची. मी वर पर्किन्सचे उदाहरण दिले. आता त्याच्या दुसऱ्या टोकाचे देतो. रेमंड कार्व्हर या अमेरिकी कथाकाराचा 1981 मध्ये प्रसिद्ध झालेला संग्रह गॉर्डन लिश या संपादकाने इतका कापला होता की मूळ मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग गेला, आणि काही कथांचे शेवट बदलले. 8 जुलै 1980 रोजी कार्व्हरने लिशला पत्र लिहून हे पुस्तक थांबवण्याची कळकळीची विनंती केली होती. तरीही पुस्तक त्याच रूपात आले, गाजले, आणि कार्व्हरची शैली म्हणून जी ओळखली जाते ती मोठ्या प्रमाणात त्या कापलेल्या मजकुराची आहे. मूळ रूपातला संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, 2009 मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला.

दोन्ही रूपे शेजारी ठेवून वाचली आहेत. कापलेल्या काही कथा अधिक धारदार आहेत, हे मी मान्य करतो, आणि तरीही माझी सहानुभूती पत्र लिहिणाऱ्या कार्व्हरकडे जाते, कारण मूळ कथांतली माणसे एकमेकांना जी ऊब देतात ती लेखकाला द्यायची होती आणि ती काढून टाकण्याचा निर्णय त्याचा नव्हता. सूचना कथेला सुधारते का, एवढाच प्रश्न पुरेसा नसतो; ती याच कथेला सुधारते की तिच्या जागी दुसरी कथा आणते, हेही पाहावे लागते.

आपल्याकडे ‘सत्यकथा’ मासिकाच्या संदर्भात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांची नावे या बाबतीत आदराने घेतली जातात. लेखनावर लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार करायचा, शंका मांडायच्या, आणि पुनर्लेखन लेखकाच्या हातूनच होऊ द्यायचे, ही ती परंपरा. त्या मासिकाच्या आवडीनिवडींवर आक्षेपही पुष्कळ घेतले गेले आणि ते 1982 मध्ये बंद पडले. परंतु लेखकाने पुन्हा लिहावे यासाठी संपादकाने इतका वेळ देणे, ही गोष्ट मला आजही अनुकरणीय वाटते.

मी स्वतः सूचनांवर लगेच निर्णय घेत नाही. सर्व टिपणे एका वहीत उतरवून काढतो, पंधरा दिवस वही बंद ठेवतो, आणि मग ज्या सूचना वही न उघडता आठवतात त्यांच्यापासून सुरुवात करतो. राग आणणारी सूचना त्यात जवळजवळ नेहमी असते.

मितभाषी

सर्वांचे आभार. पाल्हाळ आणि विसावा यांत फरक असतो, हे मला प्रथमच कळले. माझ्या कथेतून काढलेले तीन परिच्छेद मी परत वाचून पाहणार आहे.

समासातली नोंद

चौथ्या खर्ड्याचा वृत्तांत देते, कारण तो या चर्चेशी थेट जोडलेला आहे.

दोन्ही नव्या वाचकांना बाईंची दृष्टी जात असल्याचे कोणी न सांगता कळले. एकीला सहाव्या पानावर, दुसऱ्यांना आठव्या पानावर. शेवटच्या प्रसंगाविषयी कोणीही तक्रार केली नाही. मात्र उत्तररात्र यांनी सांगितल्याप्रमाणे मी त्यांना मत दडलेले नसेल असे प्रश्न विचारण्याची विनंती केली होती, आणि त्यातल्या एकीने विचारले: ‘मुलीने आईपुढे ठेवलेल्या पत्रात काय लिहिले आहे?’

मी उत्तर द्यायला गेले आणि माझ्याकडे उत्तरच नव्हते. आईला ते वाचता येत नाही, कथा आईच्या नजरेतून आहे, म्हणून पत्रातला मजकूर वाचकाला कळणार नाही, एवढा विचार मी केला होता. आणि जे वाचकाला कळणार नाही ते लेखकालाही ठाऊक नसले तरी चालते, असे मी न ठरवताच धरून चालले होते. दुसरे वाचन यांनी सांगितलेली फिट्झजेराल्डची कबुली मला त्या क्षणी आठवली.

काल रात्री मी ते पत्र लिहून काढले. चार परिच्छेद झाले. त्यातले एकही वाक्य कथेत येणार नाही. पण तिसऱ्या खर्ड्यात आई पत्रावरून नजर फिरवून नुसतीच ‘छान लिहिले आहेस’ म्हणत होती. आता ती दुसऱ्या परिच्छेदापाशी, मुलीकडे पाहून, समाधानाने मान हलवते, आणि त्या परिच्छेदात मुलीने लिहिले आहे की तिने नोकरी सोडली आहे आणि हे तोंडी सांगण्याचे धैर्य तिला झाले नाही. मुलगी त्या मानेकडे पाहते आणि काही बोलत नाही. तिला काय समजले, हे मला आता ठाऊक आहे. हा खर्डा या आठवड्यात आणखी एका वाचकाकडे जाईल, आणि तिला मी पत्राविषयी काहीही सांगणार नाही.